रेसचे गणित : घोडा ओळखावा की भाव?

मुंबईचा रेसचा हंगाम सुरू झाला, की रविवारी दुपारी महालक्ष्मी स्टेशनावर उतरणाऱ्या गर्दीत काही माणसे लगेच ओळखू येतात. हातात घडी घातलेले रेसचे पुस्तक, खिशाला पेन्सिल आणि वहीत बारीक अक्षरांत मांडलेले आकडे. या गर्दीतील कुणी तबेल्यातून आलेल्या 'आतल्या टिप'च्या शोधात असतो, कुणी एखाद्या जॉकीच्या नावावर डोळे मिटून पैसे लावतो. पण त्यातच एक वर्ग असाही असतो, ज्याचा टिपेवर विश्वास नसतो. त्याची स्वतःची 'पद्धत' असते. घोड्याचे मागच्या शर्यतींतील क्रमांक, पाठीवरचे वजन, शर्यतीचे अंतर, जॉकी, ट्रेनर या प्रत्येक गोष्टीला तो गुण देतो, बेरीज करतो आणि ज्याची बेरीज सर्वांत मोठी, त्या घोड्यावर पैज लावतो. हंगाम संपतो तेव्हा त्याच्या वहीत अचूक ओळखलेल्या विजेत्या घोड्यांची यादी बरीच लांब असते. खिसा मात्र हलका झालेला असतो.

हे असे का होते? माणूस अभ्यासू आहे, नोंदी प्रामाणिक आहेत, अंदाजही पुष्कळदा बरोबर येतात; तरी पैसे जातात. या कोड्याचे उत्तर घोड्याच्या पायांत नाही. ते पैजेच्या भावात आहे. जगभरातील गणितज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि व्यावसायिक पैजवाले गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे याच प्रश्नाशी झुंजत आले आहेत. त्यांच्या हाती जे लागले ते सामान्य रेसप्रेमीने, आणि त्याहून अधिक त्याच्या घरच्यांनी, समजून घेण्यासारखे आहे.

टोटची यंत्रणा

रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या वतीने मुंबईत हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यती होतात. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ पासूनचे. तिथे पैज लावण्याचे अधिकृत मार्ग दोन: परवानाधारक बुकमेकर आणि टोटलायझेटर, म्हणजेच 'टोट'. बुकमेकर पैज घेतानाच भाव ठरवून देतो. टोटमध्ये मात्र भाव कुणी एक व्यक्ती ठरवत नाही. तो लोकांच्या पैशांतून आपोआप ठरतो. या पद्धतीचा जनक पॅरिसचा जोसेफ ओलेर. १८६० च्या दशकात त्याने ही कल्पना रुजवली. पुढे ऑस्ट्रेलियातील अभियंता जॉर्ज ज्युलियस याने मतमोजणीसाठी आखलेले यंत्र या कामासाठी वळवले आणि १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलरस्ली रेसकोर्सवर पहिला स्वयंचलित टोट सुरू झाला.

टोटचा हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एखाद्या शर्यतीत 'विन'च्या पूलमध्ये एकूण १,००,००० रुपये जमा झाले. त्यातून कर आणि क्लबचा वाटा म्हणून २० टक्के कापले गेले. उरलेले ८०,००० रुपये जिंकणाऱ्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटले जाणार. एका घोड्यावर लोकांनी २५,००० रुपये लावले असतील आणि तो जिंकला, तर दर १० रुपयांमागे ३२ रुपये मिळतील.

आता यातच दडलेला दुसरा हिशेब पाहावा. एकूण पैशांचा चौथा हिस्सा या घोड्यावर लागला, याचा अर्थ लोकांच्या मते त्याची जिंकण्याची शक्यता २५ टक्के आहे. परंतु १० रुपयांमागे ३२ रुपये मिळणार असतील, तर दीर्घकाळात नुसती तोंडमिळवणी होण्यासाठीही तो घोडा शंभरातून ३१ पेक्षा अधिक वेळा जिंकायला हवा. २५ आणि ३१ या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे कपातीची भिंत. पैज लावणाऱ्याचे मत लोकांच्या मतापेक्षा थोडे सरस असून भागत नाही. ही भिंत ओलांडण्याइतके ते सरस असावे लागते. वहीवाल्या अभ्यासकाचे सारे दुःख या सहा टक्क्यांत सामावलेले आहे. त्याने निवडलेला घोडा जिंकतो. पण तो जिंकेल हे इतरांनाही ठाऊक असल्याने भाव आधीच उतरलेला असतो.

म्हणूनच 'कोणता घोडा जिंकेल?' हा पद्धतशीर निवडीचा खरा प्रश्न नव्हे. 'या घोड्याची जिंकण्याची शक्यता किती, आणि मिळणारा भाव त्या शक्यतेच्या मानाने जास्त आहे का?' हा खरा प्रश्न आहे. दहा टक्के शक्यता असलेला घोडा १० रुपयांना १५० रुपये देत असेल, तर ती चांगली पैज. साठ टक्के शक्यता असलेला घोडा १० रुपयांना १५ च देत असेल, तर ती वाईट. पहिला घोडा बहुतेक वेळा हरेल आणि दुसरा बहुतेक वेळा जिंकेल, तरीही!

घोड्याचे मोजमाप

शक्यता ठरवायची तर आधी घोडे मोजायला हवेत. ही मोजणी वाटते तितकी सरळ नसते. बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. घोड्याने दाखवलेल्या कामगिरीनुसार त्याला गुणांकन मिळते आणि ज्याचे गुणांकन अधिक, त्याच्या पाठीवर अधिक वजन दिले जाते. सर्व घोडे एकाच वेळी अंतिम रेषेवर पोहोचावेत, हा हँडिकॅपरचा आदर्श असतो. म्हणजे पैज लावणारा ज्या फरकाच्या शोधात असतो, तो फरक पुसून टाकणे हेच हँडिकॅपरचे काम. मागची शर्यत दिमाखात जिंकलेला घोडा पुढच्या शर्यतीत वाढलेल्या वजनानिशी धावतो. नुसते क्रमांक पाहणाऱ्या पद्धती इथेच फसतात.

क्रमांकांऐवजी वेळ मोजावी, असा विचार त्यातून पुढे आला. इंग्लंडमध्ये फिल बुल या गणिताच्या शिक्षकाने शर्यतींच्या वेळांचा काटेकोर अभ्यास केला आणि १९४८ मध्ये 'टाइमफॉर्म' ही संस्था उभी केली. प्रत्येक घोड्याला एका आकड्यात बसवणारे तिचे गुणांकन आजही प्रमाण मानले जाते. अमेरिकेत अँड्र्यू बेयर या पत्रकाराने १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पिकिंग विनर्स' या पुस्तकातून वेगांकाची कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेली.

वेगांकामागचा विचार साधा आहे. नुसत्या घड्याळावर विश्वास ठेवता येत नाही, कारण एखाद्या दिवशी धावपट्टी ओली आणि जड असते, एखाद्या दिवशी कोरडी आणि वेगवान. म्हणून त्या दिवशीच्या सर्व शर्यतींच्या वेळा त्या त्या दर्जाच्या आणि अंतराच्या नेहमीच्या वेळांशी ताडून पाहायच्या. सगळ्याच शर्यती नेहमीपेक्षा एक सेकंद संथ झाल्या असतील, तर दोष घोड्यांचा नाही, धावपट्टीचा आहे. तो सेकंद वजा करून जे उरते, ती घोड्याची खरी कामगिरी.

ही पद्धत बरीच चांगली होती. पण तिचे पुढे जे झाले ते अधिक बोधप्रद आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेयर यांचे आकडे वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले आणि प्रत्येक पैजवाल्याच्या हाती पडले. जी गोष्ट सर्वांना कळते, ती भावात उतरते. आकडे चुकीचे ठरले नाहीत. फक्त त्यांतून मिळणारा फायदा आटला. बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक 'हमखास' पद्धतीला हीच कसोटी लावता येते. पद्धत खरोखर चालत असेल, तर ती विकणारा आपल्याच नफ्याच्या मुळावर का घाव घालतो आहे?

गर्दी किती शहाणी?

भाव लोक ठरवतात, तर लोक कुठे चुकतात हे शोधणे हा पुढचा मार्ग. गर्दी एकंदरीत शहाणी असते, हे अभ्यासकांनी पुनःपुन्हा दाखवले आहे. ज्या घोड्यांना लोक २० टक्के शक्यता देतात, ते ढोबळमानाने तितक्याच वेळा जिंकतात. पण टोकांना ही अचूकता ढळते. १९४९ मध्ये आर. एम. ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील शर्यतींच्या आकडेवारीवरून एक विलक्षण गोष्ट मांडली. मोठ्या भावाच्या, म्हणजे जिंकण्याची आशा अगदी कमी असलेल्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि फेव्हरिट घोड्यांवर गरजेपेक्षा कमी. दहा रुपयांचे हजार होण्याचे स्वप्न माणसाला त्याच्या खऱ्या किमतीपेक्षा महाग पडते.

या कलाचा मोठा पडताळा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एरिक स्नोबर्ग आणि जस्टिन वुल्फर्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील साठ लाखांहून अधिक धावांच्या नोंदी तपासल्या. डोळे मिटून कोणत्याही घोड्यावर पैसे लावले, तर सरासरी तोटा सुमारे २३ टक्के. शंभरास एक वा त्याहून मोठ्या भावाच्या घोड्यांवर लावले, तर सुमारे ६१ टक्के. प्रत्येक शर्यतीत फेव्हरिटवर लावले, तर सुमारे साडेपाच टक्के. म्हणजे 'नेहमी फेव्हरिट' ही सर्वांत सोपी पद्धत बहुतेक गुंतागुंतीच्या पद्धतींपेक्षा सरस ठरते. तरीही ती तोट्यातच राहते, हेही तितकेच महत्त्वाचे. लोकांची चूक खरी आहे, पण कपातीची भिंत तिच्याहून उंच आहे.

शिवाय हा कल सार्वत्रिक नाही. हाँगकाँगमधील शर्यतींत तो आढळत नाही, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. एका मैदानावर सापडलेला नियम दुसऱ्या मैदानावर जसाच्या तसा लागू करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात यावे. आणि पद्धतशीर निवडीचे सर्वांत गाजलेले यश घडले, तेही नेमके हाँगकाँगमध्येच.

हाँगकाँगची प्रयोगशाळा

१९८० च्या दशकाच्या मध्यावर बिल बेंटर हा अमेरिकन तरुण आणि त्याचा ऑस्ट्रेलियन सहकारी ॲलन वुड्स हाँगकाँगला पोहोचले. दोघेही लास व्हेगासच्या कॅसिनोंत पत्ते मोजून ब्लॅकजॅक जिंकणारे. कॅसिनोंनी दारे बंद केल्यावर त्यांनी घोड्यांकडे मोर्चा वळवला. हाँगकाँग निवडण्यामागे ठोस कारणे होती. तिथे हॅपी व्हॅली आणि शा टिन ही दोनच रेसकोर्स. घोड्यांची संख्या मर्यादित. तेच घोडे, तेच जॉकी, तेच ट्रेनर पुनःपुन्हा एकमेकांशी भिडतात. नोंदी तपशीलवार आणि विश्वासार्ह. आणि लोकांचा पैसा इतका प्रचंड, की मोठी पैज लावूनही भाव फारसा हलत नाही.

बेंटरच्या मदतीला एक शोधनिबंध आला. रूथ बोल्टन आणि रँडल चॅपमन यांनी १९८६ मध्ये 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात एक संख्याशास्त्रीय प्रतिमान मांडले होते. घोड्याच्या अनेक वैशिष्ट्यांना एकत्र करून ते शर्यतीतील प्रत्येक घोड्याची शक्यता अशा तऱ्हेने काढते, की सर्वांची बेरीज शंभर टक्केच भरते. कोणत्या वैशिष्ट्याला किती महत्त्व द्यायचे, हे माणसाच्या मर्जीवर सोडले जात नाही. ते जुन्या निकालांवरून गणिताने ठरते. महालक्ष्मीच्या वहीतील 'वजनाला पाच गुण, जॉकीला दहा' ही पद्धत आणि हे प्रतिमान यांत मूळ फरक हाच.

एवढे असूनही सुरुवात वाईट झाली. 'ब्लूमबर्ग बिझनेसवीक'ने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, या दुकलीने आणलेल्या दीड लाख डॉलरपैकी सुमारे एक लाख वीस हजार पहिल्याच हंगामात बुडाले. दोघे वेगळे झाले. बेंटरने प्रतिमान सुधारत नेले आणि त्यातून त्याला जो धडा मिळाला, तो त्याने १९९४ मध्ये एका लेखात उघडपणे लिहून ठेवला. पैजेच्या दुनियेत असा उघडेपणा दुर्मीळच.

हा धडा असा: संगणकाने काढलेली शक्यता आणि लोकांनी दिलेली शक्यता यांत मोठा फरक दिसला, की संगणकच बरोबर असे समजायचे नाही. बहुतेकदा लोकांना असे काही तरी ठाऊक असते, जे नोंदींत नसते. घोडा सकाळच्या सरावात लंगडताना दिसला, पॅडॉकमध्ये घामाघूम झाला होता, ट्रेनरचा आज जिंकण्याचा इरादा नाही, अशा बातम्या पैशांच्या रूपाने भावात उतरतात. म्हणून बेंटरने स्वतःचा अंदाज आणि लोकांचा भाव या दोहोंना एकत्र करून तिसरा अंदाज काढला. तो दोघांहूनही अचूक ठरला. ज्या गर्दीवर मात करायची, तिचेच म्हणणे आधी ऐकून घेणे ही या यशाची किल्ली होती. 'जगाला काय कळते!' अशा थाटात वही मिटणाऱ्या एकांड्या अभ्यासकाची वृत्ती याच्या नेमकी उलट असते.

बेंटरने लेखात दिलेल्या अटीही पाहण्यासारख्या आहेत. प्रतिमान उभे करायला किमान ५०० ते १००० शर्यतींच्या संपूर्ण नोंदी हव्यात. त्या नोंदी स्वच्छ करायला, प्रतिमान घडवायला आणि तपासायला काही वर्षांची पूर्णवेळ मेहनत हवी. हाँगकाँगमध्ये 'विन'च्या पूलमधून साडेसतरा टक्के कपात होत असे. ती भिंत ओलांडण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला. बेंटरने पुढे अफाट पैसा मिळवला. परंतु ते यश एका संस्थेचे, कर्मचाऱ्यांचे आणि संगणकांचे होते. रविवारी दुपारी पेन्सिल घेऊन बसणाऱ्या एकट्या माणसाचे नव्हते.

किती लावायचे?

चांगली पैज सापडली, तरी तिच्यावर किती रक्कम लावायची हा प्रश्न उरतोच. अनेक जण घोड्याच्या निवडीवर तासन् तास घालवतात आणि रक्कम मात्र त्या क्षणीच्या मनःस्थितीनुसार ठरवतात. या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर १९५६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन केली यांनी दिले. त्यांचे सूत्र सांगते, की अपेक्षित नफ्याला निव्वळ भावाने भागावे; येणारा अंश म्हणजे भांडवलाचा तेवढा हिस्सा लावावा.

मघाच्या उदाहरणात १० रुपयांना ३२ रुपये मिळत होते, म्हणजे रुपयामागे निव्वळ नफा २ रुपये २० पैसे. अभ्यासकाचा पक्का अंदाज असा, की घोडा ३६ टक्के वेळा जिंकेल. तर दर रुपयामागे अपेक्षित नफा सुमारे १५ पैसे. पंधरा पैशांना दोन रुपये वीस पैशांनी भागले, की उत्तर येते सुमारे ७ टक्के. दहा हजारांचे भांडवल असेल, तर ७०० रुपयांहून अधिक लावू नयेत. अंदाज ३१ टक्के असेल, तर उत्तर शून्याखाली जाते. याचा अर्थ, घोडा आवडता असला तरी पैज लावायची नाही. स्वतःचा अंदाजही चुकू शकतो, हे जाणून व्यावसायिक मंडळी सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मी किंवा त्याहून कमीच लावतात.

याउलट रेसकोर्सवर सर्वाधिक लोकप्रिय असलेली पद्धत म्हणजे दुप्पट करत जाणे. शंभर हरले, तर दोनशे. दोनशे हरले, तर चारशे. कधी तरी जिंकूच आणि सारे वसूल होईल, हा हिशेब. फेव्हरिट घोडे साधारणपणे तीनांतून एकदा जिंकतात. म्हणजे सलग आठ वेळा फेव्हरिट हरण्याची शक्यता जवळपास चार टक्के. ऐकायला किरकोळ वाटते. पण दर पंचवीस-सव्वीस प्रयत्नांत एकदा ती वेळ येणार. त्या वेळी गेलेली रक्कम असते २५,५०० रुपये आणि नववी पैज लावायला हवेत आणखी २५,६००. हे सारे मूळच्या शंभर रुपयांच्या नफ्यासाठी! रेसच्या नादाने संसार उघड्यावर पडल्याच्या ज्या कहाण्या गिरणगावाच्या चाळींत ऐकू येत, त्यांतल्या कित्येकांत घोड्याची निवड हे निमित्त असते. खरा घात या दुपटीने केलेला असतो.

योगायोगाचा मोह

पद्धत चालते की नाही, हे ओळखणे तर त्याहून अवघड. समजा, एखादी पद्धत पाचांतून एकदा विजेता देते आणि सरासरी भाव असा आहे, की ना नफा ना तोटा. अशा शंभर पैजांत सरासरी वीस विजेते मिळतील. पण निव्वळ योगायोगाने कधी सोळा, तर कधी चोवीस मिळणे अगदी स्वाभाविक आहे. चोवीस मिळाले, तर २० टक्के नफा. सोळा मिळाले, तर २० टक्के तोटा. पद्धत तीच, पैजवाला तोच. पहिल्याला वाटते, आपल्याला किल्ली सापडली. दुसरा पद्धत टाकून नवी शोधू लागतो. दोघेही चुकलेले असतात. शंभर पैजांचा पुरावा हा पुरावाच नव्हे, हजारांचा लागतो.

दुसरा सापळा याहून फसवा. मागील हंगामाचे निकाल समोर ठेवून नियम शोधायला बसले, की नियम सापडतातच. 'चौदाशे मीटर, आतल्या बाजूचा ड्रॉ, तीन आठवड्यांची विश्रांती' असे कोणते तरी मिश्रण गेल्या वर्षी भरघोस नफा देऊन गेलेले दिसते. पण शंभर निरर्थक नियम तपासले, तर त्यांतील चार-पाच केवळ नशिबाने असे चमकतात, की त्यांवर विश्वास बसावा. यावर उपाय एकच. नियम अर्ध्या नोंदींवरून ठरवायचा आणि ज्या नोंदींकडे पाहिलेलेच नाही, अशा उरलेल्या अर्ध्यांवर तो तपासायचा. त्यानंतर एक पूर्ण हंगाम पैसे न लावता कागदावर चालवून पाहायचा. बहुतेक पद्धती या पहिल्याच परीक्षेत नापास होतात. तेव्हा गेलेली असते ती फक्त शाई.

आपल्याकडचा हिशेब

भारतात या साऱ्या गणिताला कायद्याची आणि करांची आणखी एक चौकट आहे. १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. त्यामुळे रेसकोर्सवरील पैज जुगाराच्या व्याख्येतून बाहेर राहिली. महाराष्ट्रातही परवानाप्राप्त रेसकोर्सवरील पैजेला कायद्याने मुभा आहे; रेसकोर्सबाहेर बेकायदा बुकीकडे लावलेल्या पैजेला नाही. मात्र या निकालाचा अर्थ अनेक जण सोयीने लावतात. खेळ कौशल्याचा आहे, याचा अर्थ कौशल्य असलेल्याला नफा होतोच, असा होत नाही. बुद्धिबळही कौशल्याचाच खेळ आहे. पण प्रत्येक डावाला प्रवेशशुल्क जबर असेल, तर उत्तम खेळाडूही कंगाल होईल.

हे प्रवेशशुल्क आपल्याकडे जबरच आहे. वस्तू व सेवा कर २०१७ मध्ये लागू झाला, तेव्हा शर्यतींवरील पैजा २८ टक्क्यांच्या वरच्या टप्प्यात टाकण्यात आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये करांची फेररचना झाली, तेव्हा हा दर ४० टक्क्यांवर गेला. कर पैजेच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर आहे. हा कर पैजेवर वेगळा मोजावा लागतो असे धरले, तर १०० रुपयांच्या पैजेसाठी खिशातून १४० रुपये जातात. टोटची २० टक्के कपात गृहीत धरली, तर सरासरीने परत येतात ८० रुपये. हाँगकाँगमध्ये साडेसतरा टक्क्यांची भिंत ओलांडायला बेंटरला वर्षे लागली. इथे भिंत चाळीस टक्क्यांहून उंच होते.

प्राप्तिकराचा नियम तर पद्धतशीर पैज लावणाऱ्याला थेट मारक आहे. शर्यतीतील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के दराने, अधिभार आणि उपकर वेगळे धरून, कर लागतो आणि हरलेल्या पैजांची वजावट मिळत नाही. समजा, वर्षभरात कुणी जिंकलेल्या पैजांतून पाच लाख रुपये कमावले आणि हरलेल्या पैजांत साडेचार लाख घालवले. त्याचा खरा नफा पन्नास हजार; पण पाच लाखांवरील कर होतो दीड लाख. म्हणजे गणितात जिंकलेला माणूस व्यवहारात एक लाखाने हरला. थोड्या फायद्याच्या अनेक पैजा हेच कोणत्याही पद्धतीचे बळ असते. नेमके तेच बळ हा नियम काढून घेतो.

मग या पद्धतींचा उपयोग काय? उपयोग आहे, मात्र तो पैसे कमावण्याचा मार्ग म्हणून नव्हे. शर्यतीपूर्वी प्रत्येक घोड्याची शक्यता टक्क्यांत लिहून ठेवणे, ती भावाशी ताडून पाहणे, प्रत्येक पैजेची रक्कम आणि निकाल नोंदवणे आणि हंगामाअखेर प्रामाणिक बेरीज करणे, एवढे ज्याने केले, त्याला आपला छंद नेमका किती रुपयांना पडतो हे कळते. रेसकोर्सवर जाणाऱ्या बहुसंख्यांना ते कधीच कळत नाही. जिंकलेला घोडा वर्षानुवर्षे आठवतो, हरलेल्या पैजा मात्र परतीच्या लोकलमध्येच विसरल्या जातात. वही ही विसरण्याची सोय काढून घेते.

आणि वही नीट लिहिली, तर ती बहुतेक शर्यतींपुढे एकच उत्तर देते: भाव पुरेसा नाही, पैज लावू नये. घोडे तरीही धावतातच. वळणावरून सुटलेला घोळका, कठड्याला टेकलेली माणसे, शेवटच्या दोनशे मीटरमध्ये चढत जाणारा आवाज हे सारे पाहायला पैज लागत नाही, प्रवेशाचे तिकीट पुरते. हे तिकीट काढून, पेन्सिल खिशातच ठेवून घरी परतलेल्या माणसाचा त्या दिवसाचा हिशेब सर्वांत सोपा असतो. घरी तो दाखवायलाही हरकत नसते.